बाईसाहेबांचं वजन

९ जानेवारी

बाळा,

फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान मला मध्येच कोणी तोडत नाही. पत्ता तुझ्या जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, तो देत नव्हता. मीच त्याच्या दारात ठाण मांडून बसले.

काळजीचं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या कमरेत जरा लचक भरलीय. लाँड्रीत ओल्या चादरींचं गाठोडं उचललं आणि अशी कळ आली की गाठोडं तिथेच टाकलं. मालक म्हणाला, "मावशी, घरी जा, नाहीतर तुम्हालाच इस्त्री करून सरळ करावं लागेल." त्याचे विनोद तुला माहीत आहेत. डॉक्टरांनी फोटो काढला, गोळ्या दिल्या, आणि व्यायाम शिकायला फिजिओथेरपीकडे जा म्हणून सांगितलं. जाईन.

लिहायचं कारण एवढंच, की तुझा तो रुंद कमरेचा पट्टा मिळत नाहीये. बहिणीला पाठुंगळी घेऊन जिना उतरताना तू बांधायचास तो. तू नेला असशील तर राहू दे. इथेच कुठे ठेवला असशील तर कळव.

बाईसाहेब मजेत आहेत. तूच ठेवलेलं नाव अजून चालू आहे, आणि हुकूमही. खिडकीतल्या खुर्चीत बसून समोरच्या बिल्डिंगीत कोण कोणाशी बोलेनासं झालंय याची बातमी मला रोज मिळते. बावीस वर्षांची झाली, पण पाय जन्मले तसेच आहेत आणि जीभ मात्र दिवसेंदिवस पुढे धावतेय.

तू गेलास त्याला दीड वर्ष होत आलं. तिला संस्थेत ठेवू या म्हणालास आणि मी तुला दार दाखवलं. त्यावर मला आज काही बोलायचं नाही, तूही बोलू नकोस. पट्ट्याचं तेवढं कळव.

आई


२ फेब्रुवारी

बाळा,

अक्षर वाकडं आलंय, कारण मी पोटावर झोपून लिहितेय. हा व्यायामच आहे. पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची आणि तसंच राहायचं. बाईसाहेब म्हणतात, "आई, तू कुंपणावरच्या सरड्यासारखी दिसतेस." तशीच दिसत असणार.

तुझं उत्तर आलं नाही. पट्टाही मिळाला नाही, पण आता नकोच. फिजिओ बाई म्हणाल्या, पट्ट्याच्या भरवशावर वजन उचलणं म्हणजे उसन्या पैलवानाच्या जोरावर कुस्ती खेळणं.

मागच्या पत्रात गाठोडं लिहिलं होतं. गाठोडं नव्हतं. तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि वर आणताना दुसऱ्या जिन्याच्या वळणावर माझ्या कमरेत काहीतरी सुटलं. म्हणजे कसं सांगू, भरल्या पिशवीचा बंद सुटतो तसं. पाय लुळा पडला. मी तिला टाकलं नाही, तिला घेऊन खाली बसले. पायरीवर आम्ही दोघी, ती माझ्या मांडीवर, आणि ना मला उठता येतंय ना तिला. ती म्हणाली, "आई, हवा छान येते नाही इथे?" मला इतकं हसू आलं की रडूच आलं. खालच्या सायकलवाल्यानं हाका ऐकल्या, तेव्हा तो आणि त्याचा कारागीर येऊन दोघींना एकेक करून वर घेऊन गेले.

मग चार दिवस मी न्हाणीपर्यंत रांगत गेले. तिला नेणार कोण? सायकलवाल्याची बायको येऊन गेली दोन वेळा. तिसऱ्या वेळेला तिच्या तोंडावर जे दिसलं, त्यानंतर मी बोलावलं नाही.

ह्या फिजिओ बाई म्हणजे पोरसवदा आहेत, हात बर्फासारखे, बोलणं त्याहून गार. पहिल्या दिवशी मला उताणं झोपवलं आणि डावा पाय सरळ ठेवून वर उचलला. हातभर उचलला असेल नसेल, मी ओरडले. अंगठ्याला टाचणी लावून विचारलं, "टोचतं?" टोचत नव्हतं. दोन मणक्यांच्या मधली गादी मागे सरकून नसेवर बसलीय, म्हणून कळ कमरेत न राहता थेट पोटरीत उतरते. त्या म्हणाल्या, पालथं झोपून व्यायाम करत राहा. पायातली कळ वर कमरेकडे सरकायला लागली आणि कंबर जास्त दुखायला लागली, तर घाबरू नका. ते चांगलं लक्षण. दुखणं माघारी फिरतंय असं समजायचं. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात गेलेलं माघारी फिरायची पद्धत नाही. त्यांना काही कळलं नाही. तुला कळेल.

आणि एक त्यांनी बजावून सांगितलं. घरी आल्यावर त्यांचा आवाज काढून मी बाईसाहेबांना ते नाटक करूनही दाखवलं. कमरेवर हात, मान ताठ: "हे बघा, तुम्ही त्या मुलीला उचलत राहिलात तर मी काहीही केलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस पाय कायमचा जाईल. मग तिला कोण बघणार आणि तुम्हाला कोण बघणार?" एरवी माझ्या नकलेवर बाईसाहेब हसून खुर्चीतून घसरतात. ह्या वेळी म्हणाल्या, "माझं वजन किती असेल गं?" मी म्हटलं, तुझ्या जिभेसकट की जिभेशिवाय?

उचलायचं थांबवून कसं चालेल तूच सांग. न्हाणीचा उंबरा वीतभर उंच, खुर्ची आत जात नाही. सकाळी एकदा, दुपारी लाँड्रीतून धावत येऊन एकदा, संध्याकाळी, झोपताना. पण बाईंना मी हो म्हणून आलेय. डॉक्टरांना आणि फिजिओला हो म्हणायचं असतं.

आई


६ मार्च

बाळा,

आता बसून लिहितेय. अक्षरावरून ओळखलं असशील.

कळ खरंच वर आली. आधी पोटरीतून मांडीत, मग मांडीतून कुल्ल्यात, आणि आता कमरेच्या डाव्या बाजूला ठाण मांडून बसलीय. तिथे ती आहे, मी आहे, आमचं बरं चाललंय. अंगठा अजून बधिर आहे. चपलेचा अंगठा निसटला तरी कळत नाही, दोनदा एका पायात चप्पल नसताना लाँड्रीपर्यंत गेले.

वाकायचं कसं ते मी ह्या वयात नव्यानं शिकले. पाठीला काठी लावायची. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली हवीत, आणि मग खुब्यातून वाकायचं, ढुंगण मागे टाकून. लाँड्रीत चादरी मी तशाच उचलते. पोरी तोंडावर हात धरून हसतात. हसू देत. मी तिशीत होते तेव्हा कोणी शिकवलं असतं तर! तेव्हा सगळे फक्त म्हणायचे, केवढी ताकद आहे हो ह्या बाईत.

बाईसाहेब माझ्या व्यायामावर देखरेख करतात. लहानपणापासून तिच्यावर इतक्या थेरपी झाल्यात की ती त्यातली अर्धी डॉक्टर आहे. म्हणते, "ह्या सगळ्या बायका 'शेवटचं एकदा' म्हणतात आणि पाच वेळा करून घेतात. तू मात्र खरंच शेवटचं करून मोकळी होतेस, आई. लबाड."

आता आनंदाची बातमी. काल तिला न्हाणीत नेताना मला जाणवलं की मी तिला सहज उचलली. पूर्वी उचलताना दात ओठांत रुतायचे, काल नुसता श्वास सोडला आणि ती हातांवर आली. म्हटलं, व्यायामाला फळ आलं! फिजिओ बाईंना सांगितलं तर त्यांच्या कपाळावर आठी. "उचलताय ना अजून?" मी म्हटलं, बाई, उचलतेय, पण ताकद बघा की माझी. त्या म्हणाल्या, "कंबर इतक्या लवकर इतकी सुधारत नसते." शिष्याचं कौतुक करायला काही जणांच्या जिवावर येतं.

बाईसाहेबांचे दोन्ही गाऊन धुऊन धुऊन सैल झालेत. आणलं पाहिजे काहीतरी.

पुढच्या आठवड्यात बाई घरी येणार आहेत. पलंगावरून खुर्चीत गुळगुळीत फळीवरून सरकवत कसं न्यायचं, ते दाखवायला. म्हणजे उचलणं निम्म्यावर येईल. तू असतास तर फळी तूच रंधा मारून दिली असतीस.

तुला हे सगळं का लिहिते कोण जाणे. उत्तर देत नाहीस, पण पत्र परतही येत नाही. म्हणजे वाचतोस.

आई


२९ मार्च

फिजिओ बाई आल्या. फळी घेऊन आल्या. जिना चढायच्या आधी सायकलवाल्यानं त्यांनाच गाठलं, कारण त्या कोणीतरी साहेब वाटल्या त्याला. म्हणाला, वरून रोज माझ्या पत्र्यावर भात पडतो, कावळ्यांनी उच्छाद मांडलाय, गिऱ्हाइकांच्या अंगावर घाण करतात. बाई वर आल्या त्या मला काही न बोलता बाईसाहेबांच्या खिडकीपाशी गेल्या, खाली वाकून बघितलं. मग तिचं मनगट हातात घेतलं. मग गाऊनची बाही वर केली.

मी रोज तो हात धुते, बाळा. रोज धुते, पुसते, आणि मला दिसला नाही.

बाईंनी विचारलं, "दुपारचा डबा कोण खातं?"

ही म्हणाली, "कावळे."

"का?"

ही माझ्याकडे न बघता बाईंनाच म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, आईनं वजन उचलायचं नाही. उंबरा काही कमी होत नाही. जिना कमी होत नाही. मग जे कमी होण्यासारखं होतं ते मी केलं."

जेवण सोडून दोन महिने होत आले होते. सकाळी माझ्यासमोर चार घास, दुपारचा डबा खिडकीतून, रात्री "पोट भरलंय, दुपारचं जड झालं." आणि मी म्हणत होते, बघा माझी ताकद. मी तुला पत्रातून बढाई मारली रे. आनंदाची बातमी म्हणून.

मी तिला मारायला धावले. खोटं कशाला लिहू, हात उगारला होता. बाई मध्ये आल्या. ही म्हणाली, "मार, पण वाकून मारू नकोस. खुब्यातून." बाईंना हसू आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटतं त्या रडत होत्या. पोर आहे ती पण.

त्या गेल्यावर मी म्हटलं, हे तुझ्या भावाला कळलं तर काय म्हणेल? ती म्हणाली, "दादाला माहीत आहे. मी रोज फोनवर बोलते त्याच्याशी. तू लाँड्रीत असतेस तेव्हा."

म्हणजे मी त्या मित्राच्या दारात बसून पत्ता मागत होते आणि पत्ता माझ्याच घरात होता. मी गाठोडं लिहिलं तेव्हा तुला जिना ठाऊक होता. सरड्यापासून चपलेपर्यंत सगळं तुला आधीच ठाऊक, आणि मी मूर्खासारखी पानंच्या पानं भरतेय. असो. तुम्ही भावंडं बोलता याचं वाईट वाटत नाही. वाटतं, पण ते गिळेन.

फक्त एक विचारते. ती जेवत नाही हे तुला माहीत होतं का? एवढंच लिही. हो की नाही.

आई


१४ एप्रिल

हॉस्पिटलातून लिहितेय. तिच्या छातीत कफ भरलाय. साधा खोकला होता, पण खोकून टाकायलाही अंगात बळ लागतं आणि ते तिनं कावळ्यांना घातलं होतं. ॲम्ब्युलन्सची माणसं तिला खुर्चीसकट खाली घेऊन गेली. मी मागून रिकाम्या हातांनी जिना उतरले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

इथेही फिजिओ आहे, पुरुष आहे. तिला कुशीवर वळवतो आणि हाताची ओंजळ पालथी करून पाठीवर थोपटतो, खालून वर. पोकळ आवाज येतो. कफ सुटावा म्हणून. मला शिकवलंय, दर थोड्या वेळानं मी करते. मणके हाताला मोजता येतात. तिच्या पाठीला हात लावायची वेळ येते तेव्हा माझ्या स्वतःच्या पाठीची मला आठवणसुद्धा राहत नाही. बाकावर झोपते, उठते, काही दुखत नाही. किंवा दुखत असेल.

तीन दिवस नळीतून प्राणवायू होता. काल काढली. काढल्यावर पहिलं वाक्य डॉक्टरांना म्हणाली, मला नव्हे. "मला घरी पाठवू नका. खालच्या मजल्यावर असेल अशा कुठल्याही संस्थेत पाठवा."

मी म्हटलं, "मी अजून जिवंत आहे."

ती म्हणाली, "म्हणूनच."

मग तिला धाप लागली आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

डॉक्टरांनी मला समजावलं, फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी व्हायची नाहीत, दोन जिने चढ-उतार नको, धूळ नको, वेळेवर खाणं हवं. खरं तर ते तिचीच बाजू मांडत होते. सज्ञान आहे म्हणाले, तिचं म्हणणं ग्राह्य धरावं लागेल. बावीस वर्षं तिच्या वतीनं मी बोलले, आणि आता कळलं की तिला बोलता येतं.

मी सही केली नाही. ती तिनंच केली. वेडीवाकडी, पण पूर्ण.

तुझं हो-नाही अजून आलेलं नाही.

आई


२० मे

बाळा,

परवा तुझा फोन आला आणि मी मध्येच ठेवून दिला. बोलणं जमलं नसतं. आता लिहायचा प्रयत्न करते.

तू म्हणालास, तुला माहीत नव्हतं, आणि माहीत होतंही. तिनं तुला सांगितलं होतं की आईला वजन उचलायची मनाई झालीय, आणि तू म्हणालास, "मग डाएट कर, बाईसाहेब. जरा कमी खा, म्हातारीची पाठ वाचेल." चेष्टेत म्हणालास. मला खात्री आहे चेष्टेतच म्हणालास. तुम्ही दोघं तसंच बोलता एकमेकांशी, मीच तुम्हाला ते वळण लावलं. मग ती मध्येच सांगायची, "आज अर्धाच डबा, साहेब," आणि तू म्हणायचास, "शाब्बास." तुला वाटलं, गंमत चाललीय. तिला वाटलं, कोणीतरी आपल्या बाजूचं आहे.

तू रडत होतास. इतका मोठा झाल्यावर तुला रडताना मी ऐकलं नव्हतं. म्हणून ठेवला फोन.

तिला संस्थेत नेऊन आता तीन आठवडे होतील. तू ज्या संस्थेचं बोलला होतास ती नव्हे, दुसरी, बसनं तासाभरावर. लांब खोली, दोन्ही बाजूंना पलंग, फिनेलचा वास. तिचा पलंग भिंतीकडे आहे, खिडकी दुसरीला मिळालीय. उचलायला यंत्र आहे. झोळीसारखं कापड अंगाखाली सरकवतात, चार टोकं आकड्यांना अडकवतात, आणि बटण दाबलं की माणूस हवेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नकळत दोन्ही हात पुढे केले होते. तिथली बाई म्हणाली, "आजी, मध्ये येऊ नका." ती वर लोंबकळत होती, डोळे घट्ट मिटून. मग खुर्चीत उतरवली. मी विचारलं, "भीती वाटते का?" म्हणाली, "तू उचलायचीस तेव्हा जास्त वाटायची. वाटायचं, तू आत्ता पडणार." मी दर वेळी तिला घट्ट धरायचे आणि समजायचे की तिला माझ्या हातात निर्धास्त वाटतं.

माझी पाठ सुधारलीय. काल फिजिओ बाईंनी पाय उचलून बघितला, जवळजवळ पूर्ण वर गेला. म्हणाल्या, "आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल. व्यायाम चालू ठेवा." मग म्हणाल्या, "तुमची प्रकृती खूप झपाट्यानं सुधारली." म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या टेबलावरची चादर ताणत बसल्या. मीच म्हटलं, बाई, तुमचा काही दोष नाही. अंगठा मात्र बधिर तो बधिरच.

सकाळी उठून व्यायाम करते. पालथी, मग उताणी, कंबर उचलून धरायची, मग चार पायांवर होऊन एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे. तोल जातो. कोणी लबाड म्हणत नाही. मग जितके सांगितले तितके पूर्ण करते, आणि मग लाँड्रीत जाते.

आता मुद्द्याचं.

ती अजून जेवत नाही. म्हणजे अर्धं खाते. तिथल्या बाया म्हणतात, ताट बाजूला सारते, "बास, जड होईन." मी म्हटलं, अगं, आता तुला यंत्र उचलतं, यंत्राला कसली कंबर? ती म्हणते, "सवय झालीय." डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पावसाळ्यात छातीला पुन्हा झालं की ह्या वेळेसारखं निभावणार नाही. त्यांनी हे माझ्या तोंडावर सांगितलं, मी तुझ्या सांगते.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण अजून तसं झालेलं नाही. होईल तेव्हा होईल. स्वतःलाही केलेलं नाही, त्यामुळे एकटाच रांगेत आहेस असं समजू नकोस. ये म्हणते, ते ह्यासाठी नाही.

रविवारी दुपारी तिथे जेवणं असतात. भेटायला येणाऱ्यांना शेजारी बसू देतात. तू ये. घरी नाही आलास तरी चालेल, थेट तिथे जा. मी त्या दिवशी जाणार नाही, म्हणजे आपण भांडणार नाही. तिच्यासमोर बस आणि ताट संपेपर्यंत उठू नकोस. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. चेष्टा कर हवं तर. पण खा म्हणून सांग.

मी सांगून थकले. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकते, हे आता आपल्याला दोघांनाही कळलंय.

आई